कामीस बंधूंचं आभाळ

ज्या रात्री माणसाने पहिल्यांदा मान वर करून आभाळाकडे पाहिलं आणि त्याच्या मनात अनंताविषयी प्रश्न उभा राहिला, त्याच रात्री तो जनावरापासून वेगळा झाला.

हे वाक्य आमच्या गावाबाहेरच्या टेकडीवर, तारे दाखवायच्या जागेच्या फाटकाशी, पितळी पाटीवर कोरलेलं आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या आमच्या कोरड्या क्लिपकोल्कमध्ये माणूस मान वर करतो ती पवनचक्कीचं चाक फिरतंय का हे पाहायला. फिरत असलं तर पाणी आहे. नसलं तर तो मान खाली घालतो आणि शिवी देतो. अनंत यात कुठेच येत नाही.

तारे आमच्याकडे पहिल्यापासून आहेत. इतके आहेत, की त्यांच्याविषयी कुणी बोलायला लागलं तर हा कुठे पिऊन आला अशी चौकशी व्हायची. मग केपटाउनहून फेंटरबाई आल्या. त्यांनी ती उजाड टेकडी विकत घेतली आणि आम्हाला सांगितलं, की तुमच्याकडे अंधार आहे. आम्हाला ते ठाऊक होतं. रस्त्यावर दिवे नाहीत ही पालिकेची नालायकी आहे असं समजून आम्ही इतकी वर्षं अर्ज करत होतो. ती आमची संपत्ती निघाली. परदेशातून माणसं विमानाने, मग गाडीने, मग खडीच्या रस्त्याने कंबर मोडून घेत येऊ लागली, आणि आमच्या अंधारात आरामखुर्चीवर आडवी पडून, पोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवून, वर बघू लागली.

त्यांना वर काय आहे हे सांगायचं काम सानेटकडे आलं. सानेट ही फ्लोरिस कामीसची मुलगी, माझी जुनी विद्यार्थिनी. मी इथल्या शाळेत भूगोल शिकवतो. पोरीचा आवाज चांगला, इंग्रजी चांगलं, आणि थंडीत चार तास उभं राहायची तयारी. फेंटरबाईंना एवढंच हवं होतं. त्यांनी तिला ताऱ्यांची नावं शिकवली आणि हिरव्या किरणाची विजेरी दिली. त्या किरणाने आभाळातल्या कुठल्याही ताऱ्यावर बोट ठेवता येतं.

पण फेंटरबाईंचं समाधान होत नव्हतं.

"सानेट, पाहुण्यांना नुसती नावं नको असतात गं. त्यांना तुमच्या पूर्वजांच्या कथा हव्या असतात. तुझी आजी ताऱ्यांबद्दल काहीतरी सांगत असेलच की."

"सांगायची ना."

"काय सांगायची?"

"'दार लाव, थंडी आत येतेय.'"

सानेटची आजी आयुष्यभर चर्चच्या पहिल्या बाकावर बसलेली बाई. आकाशाविषयी तिला एकच गोष्ट ठाऊक होती आणि ती बायबलात होती. फेंटरबाईंनी सुस्कारा सोडला आणि आठव जरा, काहीतरी आठवेल, असं म्हणून त्या गेल्या.

सानेटच्या डोक्यात त्या दिवसांत दुसरंच होतं. पॉफॅडर गावचा योनस क्लास्ते, सरकारी रस्त्यांवर खडी सपाट करायचं यंत्र चालवणारा, शांत स्वभावाचा मुलगा, दोन वर्षं तिच्यासाठी थांबला होता. दोघांचं ठरलेलं होतं. पण आमच्यात दोघांचं ठरून काही ठरत नाही. मुलाकडच्यांनी मागणी घालायला यावं लागतं. ते फाटकाशी उभे राहतात, आणि मुलीच्या वडिलांचा थोरला भाऊ, म्हणजे मुलीचे थोरले बाबा, त्यांच्याशी बोलतात. ते पाहुण्यांना हाकलतात, त्यांचा अपमान करतात, उन्हात बसवतात, आणि शेवटी हो म्हणतात. मुलीचा बाप शेजारी बसतो. त्याने पाहुण्यांसमोर चकार शब्द काढायचा नसतो. काय बोलायचं ते थोरल्या भावाच्या कानात बोलायचं. थोरले बाबा नसतील तर चुलत-मावस कुणी चालतं. पण असतील, आणि दगडासारखे धडधाकट असतील, तर तेच लागतात. बदली माणूस मिळत नाही.

सानेटचे थोरले बाबा म्हणजे आपोलस कामीस. ते फ्लोरिसच्या शेजारच्याच घरात राहतात. मधे एक तारेचं कुंपण आहे. आणि सानेट शाळेत होती तेव्हापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते.

भांडण पान्यावरून झालं होतं. दोन घरांत मिळून एक पवनचक्की, वडिलांच्या वेळची. ती दुरुस्त करताना फ्लोरिसने आपोलसचा मोठा पाना घेतला, माणसाच्या हाताएवढा लांब, आणि तो त्याच्या हातून बोअरमध्ये पडला. पाना तळाशी पाइपात अडकला, चक्की बसली, आणि तेव्हापासून दोन्ही घरं कोपऱ्यावरच्या सार्वजनिक नळावरून पाणी भरतात. आपोलसचं म्हणणं, माझा पाना पाडला, तर येऊन चूक कबूल कर. फ्लोरिसचं म्हणणं, मी दोन्ही हातांनी पाना धरलेला असताना ज्याने माझ्यापुढे कॉफीचा पेला धरला, चूक त्याची.

आता आमच्या गावात अबोल्याचा एक नियम आहे. जो आधी बोलला तो चुकला. आणि जो चुकला त्याने मेंढा नेऊन दुसऱ्याच्या दारात बांधायचा. मेंढ्याचं एक वेळ जमवता येतं. पण मेंढा घेऊन रस्त्याने चालत जायचं, आणि दोन्ही बाजूंना गाव ओट्यावर बसलेलं, हे कामीस घराण्यातल्या माणसाला जमणं अवघड.

म्हणून ते कुत्र्यामार्फत बोलायचे. कुत्र्याचं नाव जनरल.

"जनरल," आपोलस कुंपणाशी येऊन म्हणायचे, "त्या माणसाला सांग, त्याची बकरी माझं डाळिंब खातेय."

"जनरल," फ्लोरिस म्हणायचा, "त्या माणसाला सांग, त्या झाडाला फळ तर कधी धरत नाही. निदान पाल्याने तरी कुणाचं पोट भरू दे."

जनरल आळीपाळीने दोघांकडे बघायचा. मध्यस्थ म्हणून त्याच्या योग्यतेबद्दल कुणाला शंका नव्हती. तो दोन्ही घरी जेवायचा.

मी चर्चच्या पंचांपैकी एक आहे. प्रभुभोजनाच्या आधीच्या आठवड्यात घरोघर जाऊन विचारायचं काम पंचाचं असतं, की या घरात शांती आहे ना? कारण मनात वैर ठेवून भोजनाला बसता येत नाही. मी दरवेळी दोन्ही घरी विचारायचो, आणि दोन्ही घरी तेच उत्तर मिळायचं. "घरात आहे. कुंपणापलीकडचं मला विचारू नका, मास्तर." शेवटी तोडगा असा निघाला, की एका तिमाहीला एक भाऊ भोजनाला बसेल, पुढच्या तिमाहीला दुसरा. हा तोडगा शास्त्रात बसत नाही. पण आमच्या पाळकांची बदली जवळ आली होती आणि त्यांना खोलात जायचं नव्हतं.

अशात पॉफॅडरहून निरोप आला. योनसची मीता मावशी, जिच्या शब्दाबाहेर क्लास्ते कुटुंबात कोंबडंही आरवत नाही, तिने कळवलं होतं: "ऑगस्टात आम्ही येतो. फाटकाशी बोलायला माणूस असला तर ठीक. नसला तर परत जाताना वाटेत स्प्रिंगबोकला एक मुलगी बघू. आमचा पोरगा रस्ते सपाट करतो, आयुष्य नव्हे."

त्याच संध्याकाळी टेकडीवर एका टोपीवाल्या पाहुण्याने सानेटला विचारलं, "आणि तुमच्या लोकांत त्या दोन ताऱ्यांबद्दल काय सांगतात?"

हिरवा किरण खुणेच्या ताऱ्यांवर होता. दक्षिणेच्या आभाळात क्रूसाशेजारी ते दोन ठळक तारे असतात ना, क्रूस शोधायला ज्यांचा उपयोग होतो, ते. मागे फेंटरबाई उभ्या होत्या. पाहुणे वाट बघत होते. आणि मग सानेटला आजीची कथा आठवली, म्हणजे आठवली असं तिने सांगितलं.

"फार फार वर्षांपूर्वी, वारा अजून लहान होता तेव्हा, आभाळात एक विहीर होती. ती बघा, क्रूसाच्या कुशीत तो काळा डाग. तिथे तारे नाहीत. ती विहीर. क्रूसाचे चार तारे म्हणजे घडे घेऊन उभ्या राहिलेल्या चार बाया. आणि हे दोघे भाऊ. थोरल्याकडे वडिलांनी दिलेला भाला होता. धाकट्याने तो विहिरीतला दगड हलवायला मागून घेतला, आणि त्याचा हात सुटला. भाला तळाला गेला, पाणी बंद झालं. तेव्हापासून दोघे विहिरीकडे तोंड करून शेजारी शेजारी उभे आहेत. बोलत नाहीत. आणि बाया रिकामे घडे घेऊन ताटकळल्या आहेत, कारण आधी कोण बोलणार हे त्या दोन शहाण्यांचं ठरत नाही."

खुर्च्यांमधून हुंकार उठले. कुणीतरी नाक ओढलं, ते थंडीनेही असेल.

"मग ते कधी बोलणार?" टोपीवाल्याने विचारलं.

"आजी म्हणायची," सानेट म्हणाली, "ऑगस्टच्या आत बोलले तर बरं."

फेंटरबाईंना कथा फार आवडली. आठवडाभरात ती रंगीत फलकावर छापून फाटकाशी, अनंताच्या पाटीखाली लागली. 'प्राचीन लोककथा' असं वर लिहिलेलं. फलक लावायला आमच्याच गावचा सुतार गेला होता. तो वाचणारा निघाला. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं, की कामीस बंधू आभाळात गेले.

आधी आपोलस माझ्याकडे आले.

"मास्तर, भाला म्हणे! मी काय शिकारी होतो? पाना होता तो. आणि 'दोन शहाणे'! म्हणजे माझी आणि त्या माणसाची एकच किंमत? परदेशातली माणसं मला काय समजत असतील?"

"परदेशातल्या माणसांना तुम्ही तारा वाटता, काका."

"तेच म्हणतोय मी. चुकीचा तारा."

ते गेले आणि तासाभराने फ्लोरिस आला.

"मास्तर, माझीच पोरगी, आणि म्हणते हात सुटला! हात सुटला नाही. कॉफी दिली. कॉफीचा त्या फलकावर उल्लेखच नाही. विहिरीत भाला पाडणारा धांदरट म्हणून मी आता कायमचा वर लटकणार."

दोघांनाही मी एकच सल्ला दिला. पंचाने पक्षपात करू नये. म्हटलं, फलकावर काय आणि ऐकीव काय, पोरगी प्रत्यक्ष काय सांगते ते जाऊन ऐका. बुधवारी गावकऱ्यांना टेकडी मोकळी असते.

ती मोकळी असते कारण बुधवारी पाहुणे कमी असतात, आणि गावातलं कुणी येत नाही हे फेंटरबाईंना ठाऊक होतं. आठवड्यात बुधवार एकच असतो, हेही सगळ्यांना ठाऊक आहे.

जुलैत, म्हणजे आमच्या ऐन हिवाळ्यात, दिवस लवकर मावळतो आणि थंडी हाडात घुसते. त्या बुधवारी मी पोचलो तेव्हा जेमतेम सहा-सात पाहुणे होते. एक वयस्क जर्मन जोडपं, अपिंग्टनचं एक कुटुंब. घेवड्याचं सूप आणि निखाऱ्यावर भाजलेला पाव वाटून झाला होता. टेकडीवर पांढरा उजेड चालत नाही. जमिनीलगत तांबडे दिवे, तेही पायापुरते. जो तो दोन-दोन घोंगड्यांत गुंडाळलेला, टोपी भुवयांपर्यंत. आईने लेकराला ओळखलं नसतं.

आपोलस आले ते नाकावर मफलर बांधून, आणि डाव्या टोकाच्या खुर्चीवर बसले. तांबडे दिवेही मालवल्यावर उजव्या टोकाला कुणीतरी ठेचकाळत येऊन बसलं आणि खोकलं. तो खोकला मी शाळेत सानेटची फी भरायला येणाऱ्या बापाचा म्हणून ओळखत होतो. मधे मी आणि जर्मन.

सानेटला यातलं काही दिसत नव्हतं. ती आपल्या नेहमीच्या जागी उभी राहून बोलत होती. विंचू दाखवला, आकाशगंगेचा पट्टा दाखवला, मग हिरवा किरण दक्षिणेला वळला आणि खुणेच्या ताऱ्यांवर थांबला. वारा अजून लहान होता तिथून तिने सुरुवात केली.

"थोरल्याकडे वडिलांनी दिलेला भाला होता..."

"पाना," डावीकडून आवाज आला.

"माफ करा?" सानेट म्हणाली.

"भाला नव्हता, पोरी. पाना होता. आणि वडिलांनी नव्हता दिला. मी घेतला होता, लोकरीच्या पैशांतून."

सानेटचा श्वास मला ऐकू आला. किरण ताऱ्यावरून हलला नाही.

"आणि हात सुटला नव्हता!" उजवीकडून आवाज. "सांगायचंच तर सगळं सांग, पोरी. कॉफीचं सांग."

मग दोन्ही टोकांच्या खुर्च्या करकरल्या.

"कॉफी कुणी मागितली होती?"

"सकाळपासून उपाशी होतास म्हणून आणली!"

"दोन्ही हातांत पाना असलेला माणूस कॉफी कुठल्या हाताने घेणार?"

"मग नको म्हणायचं!"

जर्मन गृहस्थ माझ्याकडे झुकला. "हे दर बुधवारी असतं का?" त्याने हळूच विचारलं.

"नाही," मी म्हटलं, "तालीम मात्र बरीच वर्षं चालली होती."

अपिंग्टनच्या गृहस्थाला काहीच कळेना. त्याला वाटलं दोन म्हातारे अंगावर जातील. त्याने घोंगडीतून हात काढला आणि खिशातला फोन बाहेर घेतला. त्याचा पांढरा दिवा लागणार एवढ्यात सानेट ओरडली.

"दिवा नको! खबरदार कुणी दिवा लावला तर!"

इतक्या मोठ्याने ती आयुष्यात कधी बोलली नसेल. फोन परत खिशात गेला. नियम आहेच तसा. पांढरा उजेड एकदा डोळ्यांवर पडला, की पुन्हा अंधारात दिसू लागायला अर्धा तास जातो. या दोघांना आणखी दहा-बारा वर्षं गेली असती. तोंडं दिसली असती, तर दोघांनाही जनरलची आठवण झाली असती, आणि कुत्रं घरी होतं.

"नको म्हणायचं म्हणे," उजवीकडचा आवाज जरा खाली आला. "तू दिलेल्या कॉफीला मी कधी नको म्हटलंय, दादा?"

वारा फलकावर आपटत होता.

"साखर जास्त घालायचास," फ्लोरिस म्हणाला.

"तुलाच लागायची."

"लागायची. आता डॉक्टरने बंद केलीय."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

"मला कुणी सांगितलं नाही."

"जनरलला म्हटलं होतं."

"ते जनावर निवडून सांगतं," आपोलस म्हणाले.

किरण अजून त्या दोन ताऱ्यांवरच होता. सानेटने तो हळूच मालवला. आता काहीच दिसत नव्हतं, फक्त वर जे आहे ते.

"थोरले बाबा," ती म्हणाली. आवाज मार्गदर्शकाचा नव्हता. "ऑगस्टात माझी मागणी येतेय."

"ठाऊक आहे. हे मात्र जनरलने सांगितलं."

"मग फाटकाशी कोण बोलणार?"

"कोण म्हणजे? मी आहे ना. याला बसवलं तर हा पाहुण्यांना पहिल्याच फेरीत घरात घेऊन जेवायला वाढेल. कामीसांच्या मुलीची काही किंमत आहे की नाही?"

"ऐकलंत मास्तर?" फ्लोरिस अंधारात म्हणाला. म्हणजे मी आलोय हे त्याला माहीत होतं.

जर्मन जोडप्याने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. अपिंग्टनवाल्यांनी मग घोंगड्यांतून हात काढून साथ दिली. सानेटने नाक पुसलं आणि सगळ्यांना दुर्बिणीतून शनी दाखवला. तो त्या रात्री कुणी नीट पाहिला असं मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानासमोर खटला उभा राहिला. भाऊ बोलले हे चांगलं झालं, पण आधी कोण बोललं? मेंढा कुणाच्या दारात जाणार? आपोलस आधी 'पाना' म्हणाले, हे खरं. पण ते सानेटला म्हणाले, भावाला नव्हे. फ्लोरिसही सानेटलाच म्हणाला. एकमेकांशी म्हणून पहिलं वाक्य झालं ते 'कॉफी कुणी मागितली होती'. ते फ्लोरिसचं असणार असं सुताराचं मत. त्यावर दुकानदारीण म्हणाली, तोंड कुणाकडे होतं ते सांग. आभाळाकडे तोंड करून बोललं तर ते प्रार्थनेत धरतात. मग सगळे अतिथिगृहात न्याहारी करणाऱ्या जर्मनांकडे गेले. त्यांनी विचार करून सांगितलं, की आम्हाला काहीच दिसलं नाही, आणि दोघांचा आवाज अगदी एकसारखा आहे. गावात हे इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण दोघांना तोंडं न बघता कुणी ऐकलंच नव्हतं.

शेवटी माझ्याकडे आले. मी पंच, खोटं बोलत नाही. माझ्या कानांवर लोकरीची टोपी होती, हे मी सांगितलं. ती होतीच.

निकाल असा लागला, की अंधारात झालेल्या बोलण्याला पहिलं आणि दुसरं नसतं. मेंढा कुठेच बांधला गेला नाही. तो मागणीच्या दिवशी कापायचा ठरला.

फेंटरबाई स्वतः आपोलसच्या घरी आल्या. दर शनिवारी टेकडीवर येऊन असंच बोलाल का, असं त्यांनी विचारलं. पाहुण्यांना फार भावलं होतं.

"ठरल्या वेळेला भांडायला मी काय खासदार आहे?" आपोलस म्हणाले आणि त्यांना डाळिंबाचा पाला खाणारी बकरी दाखवली.

दोघांनी एक अख्खा दिवस बोअरमध्ये गळ सोडून पाना काढायचा प्रयत्न केला. तो निघाला नाही. पण दिवसभर दोन म्हातारी डोकी एका भोकात वाकून एकमेकांना मूर्ख म्हणत होती, आणि फ्लोरिसची बायको काट्रीन दर तासाला दोघांना बिनसाखरेची कॉफी नेऊन देत होती. जमिनीवर ठेवून. हातात नाही.

ऑगस्टात मीता मावशी आली. दोन गाड्या भरून माणसं, योनस कोटात, गळ्याशी घामाने भिजलेला. रिवाजाप्रमाणे ती सगळी फाटकाबाहेर उभी राहिली. आपोलस अंगणात खुर्ची टाकून बसले होते. शेजारी फ्लोरिस, तोंड मिटून.

"कोण पाहिजे?" आपोलस ओरडले.

"आमची एक शेळी हरवलीय," मीता मावशी म्हणाली. मागणीत मुलीला शेळीच म्हणतात. "पावलं या घराकडे आलीत."

"इथे शेळ्या नाहीत. आणि पॉफॅडरच्या लोकांना शेळ्या सांभाळता येत नाहीत हे आम्ही ऐकून होतो. जा."

ते गेले, वळणापर्यंत. परत आले. पुन्हा हाकलले गेले. या वेळी योनसच्या कानांच्या आकारावरून. तिसऱ्या वेळी त्यांना हिवाळ्यातही दुपारी तापणाऱ्या उन्हात जमिनीवर बसवलं आणि आपोलसने डोळे मिटले. हे सगळं रीतसर होतं, पण फ्लोरिसला राहवेना. तो कानाशी वाकला.

"दादा, पुरे. बाई म्हातारी आहे, ऊन लागेल."

"गप्प बस. बापाने बोलायचं नसतं."

"कानात बोलतोय मी."

"फाटकापर्यंत ऐकू जातंय. आयुष्यात एक गोष्ट हळू केली नाहीस."

"तुम्ही दोघं बोलता?" फाटकाबाहेरून मीता मावशी म्हणाली. तिला अर्थातच सगळं ठाऊक होतं. पॉफॅडरलाही माणसं राहतात. "आम्हाला सांगितलं होतं, या घरात फक्त कुत्रं बोलतं."

अंगणातल्या बायकांत खसखस पिकली. आपोलसने डोळे उघडले, आणि मग पहिल्यांदाच हसले.

"या घरची जीभ एवढ्या लांबून ओळखणारी बाई आहे," ते म्हणाले. "पोरगी तिथे उपाशी राहणार नाही. फाटक उघड, फ्लोरिस."

फ्लोरिसने उघडलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सानेटचं तोंड दिसलं आणि लगेच आत गेलं. मग आत कुणीतरी भांडं पाडलं. नंतर मेंढा, नंतर गाणी, आणि पुढच्या प्रभुभोजनाला दोघे भाऊ एकाच बाकावर. पाळकांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान डोलावली.

सप्टेंबरात लग्न झालं आणि सानेट पॉफॅडरला गेली. तिथल्या शाळेत ती आता मुलांना शिकवते, आणि योनस म्हणतो, की घरात तो पांढरा दिवा तिला विचारूनच लावतो.

टेकडीवर केपटाउनहून नवा मुलगा आला आहे. त्याने खगोलशास्त्राची पदवी घेतली आहे. आल्या आल्या त्याने फेंटरबाईंना सांगून लोककथेचा फलक काढायला लावला. त्याच्या पहिल्या बुधवारी कामीस बंधू शेजारी शेजारी बसून ऐकायला गेले होते, मीही होतो. त्याने हिरवा किरण खुणेच्या ताऱ्यांवर टाकला आणि सांगितलं, की हे दोन तारे फक्त इथून पाहिल्यावर शेजारी दिसतात. एक आपल्यापासून साधारण चार प्रकाशवर्षांवर आहे, दुसरा जवळजवळ चारशे. त्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही.